फाउंड्रीच्या सर्व्हरवर मोंगोडीबी : वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं आयटी मी बघतो. कास्टिंगच्या टेस्ट सर्टिफिकेटसाठी मोंगोडीबी या डेटाबेसची कम्युनिटी (मोफत) आवृत्ती आमच्याच सर्व्हरवर टाकली, त्याला आता वर्ष होत आलं. इन्स्टॉल करणं अर्ध्या तासाचं काम. खरी कामं त्यानंतर निघतात.

मोंगो निवडलं ते मालामुळे. ग्रे आयर्नच्या सर्टिफिकेटवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस आणि हार्डनेस दिलं की भागतं. एसजी आयर्न (गोलाकार ग्राफाइटचं बीड) म्हटलं की मॅग्नेशियम आलं, नोड्युलॅरिटी म्हणजे ते ग्राफाइट किती गोल झालंय त्याचं प्रमाण आलं. वर एखादं गिऱ्हाईक कॉपर मागतं, दुसरं मायक्रोस्ट्रक्चरचा फोटो जोडा म्हणतं. टेबलात बसवायचं तर निम्मे रकाने रिकामे. मोंगोत एक हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, म्हणजे एक डॉक्युमेंट (एक नोंद), तिला लागेल तेवढंच त्यात. डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे, म्हणून फोटो डिस्कवर आणि आत फक्त त्यांचा पाथ.

पण ही मोकळीक फुकट मिळत नाही. एकदा क्यूसीतून, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागातून फोन आला, "दादा, सिलिकॉन दोनच्या वरच्या हीट काढल्या, तर रात्रपाळीतली एक बी दिसंना झालीया!" डेटा जागेवर होता. स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) फाइलमधून आलेला २.१४ हा आकडा मजकूर म्हणून साठला होता. आकड्याशी तुलना करताना मोंगो असा मजकूर गुपचूप वगळतं, एरर वगैरे काही देत नाही. त्यावर जेसन स्कीमाचा व्हॅलिडेटर लावला, म्हणजे कुठल्या रकान्यात काय चालेल याचा नियम. आता सिलिकॉन आकड्यात नसेल तर नोंदच आत जात नाही. स्कीमा लागत नाही म्हणून मोंगो घ्या, असं कुणी सांगितलं तर कानाआड करा. हा व्हॅलिडेटर पहिल्याच दिवशी हवा.

रॅमचं गणित आधी समजून घ्या. मोंगोचं डेटा साठवणारं वायर्डटायगर इंजिन स्वतःच्या कॅशसाठी (हाताशी ठेवलेल्या डेटासाठी) एकूण रॅममधून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मी धरतं. १६ जीबीच्या मशीनवर साडेसात. त्याच मशीनवर आमचं ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) पण चालतं, म्हणून कॅश ४ जीबीला बांधली. डेटासाठी वेगळी डिस्क, तिच्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टीम. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींची फाइल, आपणहून बदलत नाही, जुनी बाजूला करून नवी सुरू करायला लॉगरोटेट जोडावं लागतं. नाहीतर फाइल फुगतच जाते.

सुरक्षेत हयगय नको. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगो सर्व्हर पुसून खंडणी मागितली गेली होती. ३.६ आवृत्तीपासून मोंगो मुळात लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं ऐकतं, पण ऑथोरायझेशन (युजर-पासवर्डची तपासणी) आपल्यालाच चालू करावं लागतं. मोंगोचा २७०१७ हा पोर्ट राउटरवर उघडायचा नाही, घरून बघायचं असेल तर व्हीपीएन.

बॅकअपसाठी रोज रात्री मोंगोडम्प, हे डेटाची प्रत काढणारं मोंगोचंच साधन. एकच सर्व्हर असला तरी तो रेप्लिका सेट (एकमेकांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचा गट) म्हणून चालवा, म्हणजे ऑपलॉग, प्रत्येक बदलाची नोंदवही, मिळतो आणि डम्प चालू असताना झालेले बदलही त्यात धरता येतात. चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर नुसतं कॉपी केलं तर तो बॅकअप धरू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे एक प्रत एन्क्रिप्ट करून जिल्ह्याबाहेर जाते. रिस्टोअरची तालीम जुन्या पीसीवर करणार असाल तर प्रोसेसरला एव्हीएक्स (नव्या प्रोसेसरमधल्या जादा सूचनांचा संच) आहे का बघा. मोंगोच्या ५.० आवृत्तीपासून ते लागतं. नसेल तर मोंगो 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून सुरू होतानाच मरतं.

अपग्रेड एकेक पायरीनेच होतं. ६ वरून थेट ८ वर उडी नाही, मध्ये ७ घ्यावंच लागतं आणि प्रत्येक वेळी फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन, म्हणजे डेटा कुठल्या आवृत्तीच्या सोयींवर चालतोय ती सेटिंग, तपासायचं. त्यात एक गंमत आहे. ७ पर्यंत ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (मेमरी मोठ्या तुकड्यांत वाटायची लिनक्सची सोय) बंद ठेवा असा सल्ला होता, ८.० ला तो उलटा झाला, चालू ठेवा! जुनी स्क्रिप्ट तशीच पुढे ढकलाल तर हे लक्षातही येणार नाही.

२०१८ पासून मोंगोचं लायसन्स एसएसपीएल नावाचं आहे. कारखान्यात स्वतःपुरतं वापरायला त्याचा त्रास नाही. मोंगोच सेवा म्हणून विकणाऱ्यांनी ते नीट वाचावं.

आठवड्यातून एकदा लॉग, डिस्क आणि बॅकअप बघणारं माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका, होस्टेड, म्हणजे दुसऱ्याने सांभाळलेलं घ्या. आमच्याकडे सर्टिफिकेट, हीट आणि पॅटर्नची (साच्याच्या नमुन्यांची) माहिती मोंगोत सुखाने चाललीय. बिलं आणि स्टॉक पोस्टग्रेस या टेबलवाल्या डेटाबेसवरच आहेत, तिथून हलवायचे नाहीत.