पीएम ई-ड्राइव्ह सबसिडी: इलेक्ट्रिक स्कूटर घेतानाचा आमचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये बाबांसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गाडीबद्दल भरपूर लोक लिहितात, मी फक्त पीएम ई-ड्राइव्ह या केंद्र सरकारच्या योजनेतल्या सबसिडीचं लिहितेय कारण घ्यायच्या आधी मला नेमकं हेच कुणी नीट सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे गॅससारखे पैसे खात्यात येतील असं डोक्यात असेल तर तसं नव्हतं. आम्ही घेतली तेव्हा सबसिडी बिलातच वजा व्हायची आणि कंपनी ती नंतर सरकारकडून घ्यायची. त्यासाठी ई-व्हाउचर, म्हणजे ग्राहकाच्या आधारवर निघणारं ऑनलाइन कूपन, लागायचं, एका आधारवर एकच गाडी. गाडी बाबांच्या नावावर म्हणून आधारशी जुळवायचा चेहरा पण त्यांचाच हवा होता. शोरूममधल्या मुलाने फोन समोर धरला, स्क्रीनवर डोळे मिचकवायची सूचना आली, बाबांनी चष्मा काढला तर त्यांना ती वाचता येईना आणि घातला तर काचेवर ट्यूबलाइट चमकायला लागली, चेहरा काही जुळेना. शेवटी मी बाजूला उभी राहून "बाबा, आता मिचकवा" म्हटलं तेव्हा तिसऱ्या वेळी झालं. मग मोबाइलवर लिंक, व्हाउचरवर बाबांची सही, डीलरची सही, अपलोड, आणि मेसेज. सगळं मिळून अर्धा तास. ही सिस्टीम मला मनापासून आवडली, एजंट नाही की फेऱ्या नाहीत.

आता रक्कम. तेव्हा बॅटरीच्या क्षमतेच्या एका किलोवॉट-अवरला ५,००० रुपये होते पण कमाल १०,००० म्हणजे बॅटरी २ ची घ्या नाहीतर ४ ची, सबसिडी तेवढीच, हे सेल्समन आपणहून सांगत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून ते पण निम्मं झालं, २,५०० आणि कमाल ५,०००. ताईने २०२२ मध्ये फेम-२ या आधीच्या योजनेत घेतली होती तेव्हा १५,००० प्रति किलोवॉट-अवर होते, तिचे ४० हजारांच्या वर वाचले. तिला चार्जरचे वेगळे पैसे लावले होते, २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना धारेवर धरलं तेव्हा ते परत मिळाले. दुचाकी हीच सामान्य घरातली गाडी आहे, तिची सबसिडी एवढ्या झपाट्याने उतरवायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा फायदा मला टॅक्समध्ये दिसला. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, तेव्हा पेट्रोल स्कूटरवर २८ होता. रजिस्ट्रेशन फी केंद्राने २०२१ मध्येच माफ केलीय आणि महाराष्ट्रात आम्हाला रोड टॅक्स पण लागला नाही.

तक्रार एकच आणि ती शोरूमची. फोनवर नुसती ऑन-रोड किंमत सांगितली, "सबसिडी धरूनच आहे मॅडम". बिल हातात आल्यावर १०,००० वजा दिसले खरे, पण खाली हँडलिंग चार्जेस म्हणून एक ओळ होती जिचा आधी उल्लेखच नव्हता. हे कशाचे म्हणून विचारलं तर उत्तर नाही, दुसरं बिल काढून दिलं. न विचारता सही केली असती तर सबसिडीतला मोठा तुकडा तिथेच गेला असता, म्हणून फार राग आला.

तर एक्स-शोरूम, सबसिडी, आरटीओ, इन्शुरन्स अशा वेगवेगळ्या ओळी असलेलं कोटेशन कागदावर मागा आणि मगच बुकिंगचे पैसे भरा. आणि घरातल्या मोठ्यांच्या नावावर घेत असाल तर त्यांचा आधारला कुठला नंबर जोडलाय ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, बाबांचा जुना बंद पडलेला नंबर निघाला असता तर आम्हाला तसंच परत यावं लागलं असतं.