सोन्याची निब का स्टीलची? आधी टोक आणि फट बघा

राजेहो, नागपुरात बर्डीवर शाईपेन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न हाच पडतो, सोन्याची निब घ्यावी का स्टीलची. पण कागदाला ना सोनं लागतं ना स्टील, दोन्हींच्या टोकाला कडक मिश्रधातूचा बारीकसा मणी जोडलेला असतो आणि लिहितो तो मणी. तो नीट घासलाय का, मधल्या फटीच्या दोन्ही पाकळ्या एका पातळीत आहेत का, गुळगुळीतपणा यावर ठरतो, एक पाकळी जराशी वर गेली की महागातला पेनही खरखरतो. उलट मणी जास्तच पॉलिश झाला, फटीच्या आतल्या कडा पार गोल झाल्या, तर पहिली रेघ उमटतच नाही. फट टोकाकडे निमुळती हवी, टोकाशीच फाकली तर शाई तिथवर पोचत नाही.

मग सोन्याचा फायदा काय? १४ कॅरेटमधे ५८.५ टक्के सोनं असतं, आयर्न गॉलसारख्या आम्लाच्या शाईनं ते गंजत नाही. लवचिकपणाचं मात्र सांगता येत नाही, तो पत्र्याच्या जाडीवर आणि पाकळीच्या लांबीवर असतो, सोन्याच्या कितीतरी निबा खिळ्यासारख्या कडक येतात. स्टीलची पडून वाकली तर जीव हळहळत नाही, लॅमी सफारी पेनाची तर ओढून काढायची आणि दुसरी बसवायची.

साइजचं नक्की बघा. जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक टोकाची) निब जर्मन एफपेक्षा बारीक लिहिते, आणि आपल्या मराठीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं असल्यामुळे हा फरक लगेच जाणवतो, साध्या वहीच्या कागदावर एम (मीडियम, मध्यम टोकाच्या) निबनं ‘क्ष’ची गाठ भरून जाते.

आता आपलं ऊन. मे महिन्यात पंख्याखाली टोपण काढून दोन मिनिटं विचार करत बसलं की उघडी निब सुकते. पार्कर ५१ (१९४१) सारखी झाकलेली निब उशिरा सुकते, पण तिला लवचिकपणा नाही आणि साफ करायचा ताप आहे. मला तरी उघडी निब आणि घट्ट टोपण जास्त पटतं, प्लॅटिनम प्रेपी पेनात ते स्वस्तात मिळतं.

रोज वर्गात, कोर्टात लिहायचं असेल तर स्टीलची एफ घ्या, सोन्याचं दोनेक वर्षांनी बघू. दुकानात नाव लिहून बघताना डावीकडून उजवीकडे लांब शिरोरेघ ओढा आणि मग उलटी पण ओढा, पाकळी वरखाली असेल तर अशा आडव्या रेघेतच अडकते.