रंगाचा नॉइज वेगळा, उजळपणाचा वेगळा: काही महिन्यांच्या वापरानंतर

कमी प्रकाशात ६४०० आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता बरीच वाढवून) काढलेल्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइल्स गेले काही महिने मी एकाच पद्धतीने साफ करतो आहे. लाल, हिरव्या व निळ्या चॅनेलवर सरसकट फिल्टर न चालवता फोटो आधी लॅब या १९७६ साली ठरलेल्या, उजळपणा आणि रंग वेगवेगळे मांडणाऱ्या रंगपद्धतीत न्यायचा आणि उजळपणाचा व रंगाचा नॉइज (फोटोतले नको असलेले कण व डाग) स्वतंत्रपणे काढायचा. आपला डोळा उजळपणातील बारीक फरक चटकन टिपतो, रंगातील तेवढेच बारीक फरक मात्र त्याला फारसे जाणवत नाहीत. जेपीईजीमध्ये रंगाची माहिती सर्रास निम्म्या रुंदी-उंचीवर साठवूनही फोटो चांगला दिसतो, तो याच कारणामुळे.

काळ्या लोकरी कोटाच्या बाहीवर या पद्धतीचा फायदा स्वच्छ दिसला. सावलीतले जांभळे-हिरवे डाग गेले आणि विणीचा धागान् धागा शाबूत राहिला, कारण वीण उजळपणात असते. मात्र त्याच कोटाच्या राखाडी कॉलरवरची, जवळपास तेवढ्याच उजळपणाची बारीक लाल शिलाई फिकी पडली. तिचे वेगळेपण केवळ रंगात होते. दुसरी अडचण रंगाच्या मोठ्या डागांची आहे. डोळा रंगातले बारीक कण सोडून देतो, पण पसरट डाग बरोबर पकडतो, आणि छोट्या त्रिज्येचा फिल्टर नेमके कण पुसून डाग मागे ठेवतो. त्यामुळे वेव्हलेटच्या, म्हणजे फोटोचे बारीक ते जाड तपशिलांचे थर पाडणाऱ्या पद्धतीच्या, जाड थरांवरच जोर द्यावा लागतो.

उजळपणाच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. गर्दीच्या पोतात नॉइज लपतो, मोकळ्या आकाशात उघडा पडतो, म्हणून पोत ओळखून जोर कमी-जास्त करणारा पर्याय मला पटला. तरी अंधारातली केसाळ कातडी त्याला सपाट वाटते आणि ती मेणासारखी गुळगुळीत होते, ही तक्रार कायम आहे. अशा वेळी पीएसएनआरचा (मूळ फोटोपासून प्रत्येक पिक्सेल किती हलला ते मोजणाऱ्या मापाचा) आकडा चांगला येतो, म्हणून त्यावर माझा भरवसा नाही. २००४ मध्ये मांडला गेलेला एसएसआयएम हा दुसरा निर्देशांक फोटोतल्या रचनेचाही विचार करतो, त्यामुळे तो डोळ्याच्या मताला अधिक जवळ जातो.

शंभर टक्के झूमवर निकाल देणे मी सोडून दिले आहे, कारण त्या आकारात फोटो कुणीच पाहत नाही. वेबसाठी लहान करायच्या फोटोंवर उजळपणाचा स्लायडर शून्यावरच ठेवतो. आकार घटवताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी होऊन तो नॉइज बराचसा आपोआप जिरतो, रंगाचे पसरट डाग मात्र आधीच काढावे लागतात.