पिल्लांच्या खाद्यात मीट-बोन मील आणि फिश मील : काही बॅच काढल्यानंतरचं मत

आमचं ओपन फार्मिंग आहे, म्हणजे कंपनीशी करार न करता स्वतःचे पक्षी पाळतो, खाद्य घरच्या मिक्सरवर बनतं. करारावर पक्षी पाळणाऱ्यांना यातलं फारसं कामाला येणार नाही. त्यांच्या दारात कंपनीची गोणी उतरते आणि आत काय आहे हे विचारायची सोयही नसते.

२०२१ साली सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) इतकी भडकली की ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. तेव्हापासून सोयाला पर्याय शोधायचा किडा बहुतेक पोल्ट्रीवाल्यांच्या डोक्यात आहे, माझ्याही होता. गेल्या पावसाळ्यापासून एमबीएम (मीट-बोन मील, मांस-हाडांचा भुगा) आणि फिश मील (सुक्या मासळीचा भुगा) दोन्ही चालवतोय.

एमबीएमचं आधी सांगतो. स्वस्त प्रोटीन म्हणून घेणार असाल तर थांबा. त्याची खरी किंमत फॉस्फरसमध्ये आहे. ५० टक्के प्रोटीनच्या मालात साधारण १० टक्के कॅल्शियम आणि ५ टक्के फॉस्फरस असतो. म्हणजे क्विंटलला ४ किलो टाकलं की २०० ग्रॅम फॉस्फरस आला, तेवढ्यासाठी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) सव्वा किलोच्या आसपास लागली असती. वाचलेली डीसीपी हाच खरा फायदा. पण त्याच ४ किलोतून ४०० ग्रॅम कॅल्शियमही येतं, म्हणून मार्बल पावडर त्या हिशेबाने कमी करावीच लागते. नाही केली तर जास्तीचं कॅल्शियम फॉस्फरसला अडवतं आणि पक्षी पायातून बसायला लागतो. सोया काढून तेवढंच एमबीएम टाकलं की झालं, असं सांगणारे भेटतात. पण एमबीएममध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रोटीनचा घटक) कमी आणि मक्यातही कमीच. लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल आकड्याला बरं दिसतं, पण माल शिजवताना जास्त तापला असेल तर पिल्लाला ते पचत नाही. वरून लायसिन-मेथिओनिन द्यायलाच लागतं आणि मग बचतीचा बराचसा फुगा बसतो.

प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या दिवसांच्या खाद्यात, एमबीएम मी शून्य ठेवलंय. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात प्री-स्टार्टरला २३ टक्के प्रोटीन धरलंय, ते गाठायला हात आपोआप अशा मालाकडे जातो. पण पहिल्या आठ-दहा दिवसांत पिल्लाचं आतडं अजून तयार होत असतं, चरबी तर त्याला नीट पचतच नाही. न पचलेलं प्रोटीन खाली जाऊन क्लॉस्ट्रिडियम या जंतूला खाऊ होतं आणि ब्रूडरखालचं (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखालचं) तूस ओलं व्हायला लागतं. चांगलं फिश मील मात्र ३ टक्क्यांपर्यंत देतो. पिल्लं त्यावर तुटून पडतात, पहिल्या आठवड्याचं वजन आणि पिसं दोन्हीकडे फरक दिसला.

अडचण त्या ‘चांगलं’ शब्दात आहे. किनाऱ्यावरून येणारा माल एका गोणीत सोनं, दुसरीत रेती. एका व्यापाऱ्याने झकास रिपोर्टसकट दिलेला माल काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर टाकला, ढवळला, तर तळाला बोटभर वाळू. आता गोणी उतरवण्याआधी हे करतोच. दुसरी फसवणूक युरियाची. लॅब नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते, त्यामुळे १ टक्का युरिया मिसळला की कागदावर प्रोटीन जवळपास ३ टक्के चढतं. यावर घरचा उपाय आहे. दोन बाटल्यांत तोच नमुना आणि कोमट पाणी घ्या, एकीत कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका, झाकून थोडा वेळ ठेवा. मग तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. फक्त पीठवाल्या बाटलीवर कागद निळा झाला तर युरिया आहे. दोन्हींवर झाला तर माल आधीच कुजलाय, तोही परत पाठवा. नुसत्या वासावर जाऊ नका, फिश मीलला वास असणारच.

मीठही बघावं लागतं. खारवलेल्या मासळीच्या मालात ६ टक्के मीठ निघालं आणि तुम्ही तो ५ टक्के टाकला, तर खाद्यात ०.३ टक्के मीठ तिथूनच आलं. वरून वेगळं टाकलं की पिल्लं पाणी पीत सुटतात आणि लिटरचा (खाली अंथरलेल्या तुसाचा) चिखल होतो.

जास्त तापवून वाळवलेल्या फिश मीलमध्ये गिझेरोसिन नावाचं विष तयार होतं आणि ते पेटा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं पोट, आतून खातं. म्हणून मेलेला पक्षी उघडला की पेटा आधी कापून बघतो. आतलं पिवळं अस्तर घट्ट आणि अखंड असावं. ते काळपट, भेगाळलेलं दिसलं की त्या खेपेची गोणी बंद.

नियमाची चौकशी बरेच जण करतात. आपल्याकडे एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) दुधा-मांसाच्या जनावरांना मांस-हाडांचा भुगा घालायला बंदी केलीय, त्यातून कोंबडी, डुक्कर आणि मासे वगळलेत. त्यामुळे उरलेली गोणी गोठ्याकडे वळवायची नाही. युरोपने बीएसईच्या (मॅड काऊ रोगाच्या) धास्तीने असा भुगा घालणं २००१ पासून बंद ठेवलं होतं आणि २०२१ मध्ये कोंबड्यांसाठी डुकराचा माल पुन्हा उघडला.

बाकी ‘शाकाहारी खाद्यावर वाढवलेली कोंबडी’ अशी पाटी लावून चार पैसे जास्त घेणाऱ्यांना माझा नमस्कार. गावरान कोंबडी दिवसभर उकिरड्यात काय शोधत असते ते त्यांनी एकदा बघावं.

सध्याचं माझं गणित असं : प्री-स्टार्टरला फक्त फिश मील ३ टक्के, त्यानंतरच्या स्टार्टरला फिश मील २ आणि एमबीएम ३, शेवटच्या फिनिशरला एमबीएम ४. फिश मील विक्रीच्या किमान दोन आठवडे आधी बंद, नाहीतर कोंबडीच्या मांसाला वास येतो आणि दुकानदार पुढच्या वेळी गाडी पाठवत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरताच माल घेतो, चरबी खवट झालेली गोणी फुकटात मिळाली तरी महाग पडते.