रक्त तपासणीची सुई आणि रक्तदानाची सुई

रक्तदान शिबिरात पहिल्यांदा आलेली मुलं सुई बघून मागे सरकतात, ते मला अगदी समजतं. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलं की साधारण 21 किंवा 22 गेजची सुई असते, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. रक्तदानाची सुई 16 गेजची, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी जास्तच. (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. इथे बरेच जण फसतात.)

तपासणीला दोन-पाच मिली रक्त पुरतं, बारीक सुईतून ते काही सेकंदांत येतं. रक्तदानात 350 किंवा 450 मिलीची पिशवी भरायची असते. नळीचा आतला व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळापट होतो. म्हणून जाड सुईने पिशवी साधारण पाच ते दहा मिनिटांत भरते. बारीक सुईने दाता ताटकळत पडून राहील आणि रक्त नळीतच गोठू लागेल. पिशवीत गुठळी न होऊ देणारं द्रावण असतं, पण रक्त तिथवर वेळेत पोचायला हवं ना! शिवाय अरुंद वाटेतून जोराने ओढल्या गेलेल्या लाल पेशी फुटू शकतात, आणि फुटलेल्या पेशी रुग्णाच्या काय कामाच्या?

दुखण्याचं म्हणाल, तर जाड सुई टोचताना जास्त जाणवते, हे मी लपवणार नाही. पण ते क्षणभरच. नंतर हातातला मऊ चेंडू दाबत पडून राहायचं, कोपराजवळ चिकटवलेली नळी हाताला कोमट लागत असते.