1930, सस्पेक्ट सर्च आणि चक्षू : वाळपईच्या दुकानातून वापरून पाहिलेलं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. विजेचं बिल, गृह आधारचा अर्ज, पंचायतीचे दाखले, पोरांचे कॉलेजप्रवेश अशी नेहमीची कामं. गेल्या दोनेक वर्षांत त्यात एका कामाची भर पडली. ऑनलाइन फसवलं गेलेल्या माणसाला समोर बसवून 1930 या सायबर तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावणं. आतापर्यंत पाच जणांसाठी लावला. म्हणून या सेवेबद्दल लिहितोय, कारण लोकांना नंबर माहीत असतो, पण तो लावल्यावर पुढे काय होतं ते माहीत नसतं, आणि त्यामुळे ते उशीर करतात.

पहिली वेळ माझ्या मामांची. नगरगावला त्यांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. गेल्या पावसात शनिवारी दुपारी त्यांना व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, गाडीच्या चलनाची म्हणून. पाठवणारा नंबर त्यांच्याच ओळखीतल्या माणसाचा, त्यामुळे शंका आली नाही. ती एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल होती. उघडली, जे जे विचारलं त्याला हो म्हटलं, आणि मेसेज वाचायची परवानगी त्या ॲपला मिळाली. मग बँकेचा ओटीपी मामांच्या आधी चोराने वाचला. 4 वाजून 52 मिनिटांनी 29,999 रुपये गेले, तीन मिनिटांनी आणखी 18,500. नगरगावला घरात रेंज धड मिळत नाही. मामांनी मेसेज पाहिले तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. "म्हजे पयशे गेले रे पुता," एवढंच बोलले आणि गप्प झाले. सुपारीचे पैसे होते ते.

मी त्यांना फोन एरोप्लेन मोडवर टाकायला सांगितला आणि दुकान बंद करून गाडी काढली. तिथे पोचून माझ्या फोनवरून 1930 लावला. पलीकडून एका महिला पोलिसाचा आवाज आला, कोकणीत. आधी तिने मामांशी दोन वाक्यं बोलून त्यांना शांत केलं, मग माहिती घेतली. पैसे कुठल्या बँकेतून गेले, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक.

इथे जे झालं ते सविस्तर सांगतो, कारण पुढे चारही वेळा तेच झालं. मामांच्या फोनची काच तडकलेली, अक्षर बारीक आणि हात थरथरत होते. ते जोडीजोडीने आकडे वाचायला लागले: "एकोणसत्तर, एकोणपन्नास..." तिला एकदा एकोणऐंशी ऐकू आलं. ती म्हणाली, "काका, एकेक आंकडो सांगात, सवकास." मग सहा, नऊ, चार, नऊ असं एकेक करून पूर्ण क्रमांक घेतला आणि पुन्हा वाचून दाखवला. एक आकडा चुकला असता तर तक्रार भलत्याच व्यवहारामागे गेली असती. तेव्हापासून मी आधी तो क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवतो आणि मगच फोन लावतो. पाच मिनिटं जातात, पण ती वाया जात नाहीत.

आता आत काय चालतं ते. फोनवर दिलेली माहिती एका प्रणालीत भरली जाते. ज्या बँकेतून पैसे गेले तिच्या पटलावर ती थेट दिसते. ती बँक पाहते, पैसे कुठे गेले? दुसऱ्या बँकेत गेले असतील तर तक्रार त्या बँकेकडे सरकते, तिथून तिसरीकडे. जिथे पैसे अजून खात्यात सापडतील तिथे ते रोखले जातात. चोर पैसे एका खात्यात ठेवतच नाही, चार खात्यांतून फिरवतो आणि एटीएममधून काढतो. म्हणजे ही शर्यत असते. मामांचे 29,999 तिसऱ्या खात्यातून काढलेसुद्धा गेले होते. 18,500 मात्र दुसऱ्याच खात्यात सापडले आणि तिथेच अडकवले. न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत पाच महिने गेले, पण ते परत आले. मामांनी पासबुक भरून आणलं आणि ती ओळ मला बोटाने दाखवली.

ही सोय एप्रिल 2021 मध्ये 155260 या क्रमांकावर सुरू झाली होती, पुढे तो 1930 झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाखालचं भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र ती चालवतं, फोन मात्र राज्याचे पोलीस घेतात. फोन झाल्यावर मोबाइलवर पोचपावतीचा क्रमांक येतो. त्यावरून 24 तासांच्या आत सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची असते. हे बरेच जण विसरतात. फोन केला, झालं, असं समजतात.

बँकेचा अनुभव मात्र मला अजून टोचतो. मामा त्याच संध्याकाळी बँकेच्या हेल्पलाइनवर बोलले, तर "सोमवारी शाखेत या" असं उत्तर मिळालं. सोमवारी शाखेत गेलो, तर "ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता ना?" यापुढे गाडी सरकेना. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले तरी त्याने कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या अंगावर, असं त्यात लिहिलेलं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. आम्ही ती पोचपावती दाखवली तेव्हा कुठे अर्ज घेतला. बँकेचं नाव लिहीत नाही, माणसं बदलतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. किनाऱ्याकडे छोटं हॉटेल चालवणाऱ्या माझ्या एका गिऱ्हाइकाला कुणीतरी 1,400 रुपये जेवणाचे पाठवले. ते चोरीच्या पैशातले निघाले, आणि त्याच्या बँकेने 1,400 ऐवजी अख्खं खातं गोठवलं. ऐन चतुर्थीच्या तोंडावर. कामगारांचे पगार त्याने उधारीवर भागवले. चोर पकडायला जाळं टाकलं की कष्टाने कमावणारा माणूसही कधी अडकतो. त्याला सुटायला सोपा, जवळचा रस्ता हवा.

सप्टेंबर 2024 पासून त्याच पोर्टलवर संशयिताची माहिती शोधायची सोय आहे, सस्पेक्ट सर्च. मोबाइल नंबर, खाते क्रमांक, यूपीआय आयडी किंवा वेबसाइटचा पत्ता टाकायचा, त्याविरुद्ध तक्रार असेल तर कळतं. गोव्यात व्हिलाच्या नावाने आगाऊ पैसे मागणाऱ्या खोट्या वेबसाइट निघतात, भाड्याच्या खोलीचं आमिष दाखवणारेही असतात. माझ्याकडे कुणी पैसे पाठवायला आला आणि समोरचा अनोळखी असेल, तर मी आधी इथे टाकून बघतो. काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असं मात्र कुणी धरू नये. उद्या पहिली तक्रार तुमचीच असू शकते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चक्षू. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मार्च 2024 मध्ये ही सोय आली. पैसे गेलेले नाहीत, पण खोटा फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप आला, तर तो इथे कळवायचा, 30 दिवसांच्या आत. आमच्या बाजारातल्या एका निवृत्त बाईंना व्हिडिओ कॉल आला होता. पोलिसाचा गणवेश, मागे ऑफिस, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात." बाई खमक्या, फोन आपटला. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मन की बातमध्ये सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, असली अटक कायद्यात नसतेच. पण नंबर कुठे कळवला नाही. "माझं कुठे काय गेलं?" म्हणाल्या.

इथेच आपण चुकतो. त्याच नंबरवरून आणखी कितीजणांना फोन गेले असतील! पोलिसांना धोका दिसायचा तर तो आपल्या कळवण्यातूनच दिसणार. समन्वय केंद्राकडे प्रतिबिंब नावाची व्यवस्था आहे, गुन्ह्यात वापरले जाणारे नंबर कुठून चालतात ते ती नकाशावर दाखवते, म्हणजे त्या भागातल्या पोलिसांना हालचाल करता येते. पण तो नकाशा भरतो कशाने? लोकांच्या तक्रारींनी आणि बाईंना आला तसल्या नंबरांनी. कंपन्यांना सायबर हल्ला झाल्यास सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं बंधन एप्रिल 2022 च्या निर्देशांनी घातलं आहे. तुम्हाआम्हाला बंधन नाही, म्हणून मनावर घेऊन कळवायचं. मी बाईंना दुकानात बसवून दहा मिनिटांत ते भरून दिलं.

माझी मागणी एकच. पणजीचं हवामान खातं यलो, ऑरेंज अलर्ट देतं आणि सत्तरीतला माणूस त्यावरून गुरं बाहेर सोडायची की नाही ते ठरवतो. तसाच तालुक्यानिहाय इशारा सायबरचा हवा. "या आठवड्यात तुमच्या भागात चलनाची फाइल फिरतेय" एवढं एक वाक्य, मराठी-कोकणीत, पंचायतीच्या फलकावर आणि देवळाच्या मंडपात. तक्रारींतून ते पोलिसांना दिसतंच, ते गावापर्यंत उतरलं पाहिजे. मामांच्या वाड्यावर आदल्याच आठवड्यात आणखी एकाला तीच फाइल आली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आणखी एक. 1930 वर किंवा पोर्टलवर तक्रारीला एक रुपयाही लागत नाही. तक्रार केल्यावर काही दिवसांनी मामांना "सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सोडवायचे तर दोन हजार भरा" असा फोन आला. मामांनी या वेळी काही विचारलं नाही. नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि वाळपईची बस पकडून माझ्या दुकानात आले.