नॅनो युरिया: बाटली चांगली आहे, पण ती गोणी नाही

निफाड तालुक्यात आमची चार एकर बागायत. गहू, मका, कांदा. गेल्या रब्बीत नॅनो युरिया, म्हणजे गोणीतल्या युरियाऐवजी पानावर फवारायचं बाटलीतलं पातळ खत, स्वतःच्या रानात वापरून बघितला. सोसायटीत रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

खरं तर मी ही बाटली हौसेनं घेतलेली नाही. युरियाच्या दोन गोण्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, "सोबत बाटली घ्यावीच लागेल." याचा मला राग आहे. माल चांगला असेल तर शेतकरी मागून घेईल, गळ्यात कशाला बांधायचा? दुकानाचं आणि बाटलीवरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. 2021 पासून हे औषध बाजारात आहे आणि आता बऱ्याच जणांचं मिळतं.

घेतलीच होती, तर नीट प्रयोग करायचं ठरवलं. त्र्यंबक वाणाच्या गव्हाचे वीस-वीस गुंठ्यांचे दोन पट्टे पाडले. पेरणीचं खत दोन्हीकडे सारखं. पहिल्या पाण्याला एका पट्ट्यात अर्धी गोणी युरिया फेकला. दुसऱ्यात युरिया बंद, त्याऐवजी नॅनोच्या दोन फवारण्या: पहिली फुटवे धरताना, दुसरी ओंबी निसवायच्या आधी. लिटरला 4 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 60 मिली. बाटली आधी चांगली हलवली, दव उतरल्यावर फवारलं.

पहिले दहा-बारा दिवस दोन्ही पट्टे सारखेच हिरवेगार. मला वाटलं, जमलं! पण ओंबी बाहेर पडायच्या सुमारास नॅनोच्या पट्ट्यात बसून बघितलं, तर खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत आलेली. युरियातून मिळणारं नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, त्याचीच ही खूण. मळणीला गोणीच्या पट्ट्यात साडेआठ क्विंटल झाले, नॅनोच्या पट्ट्यात सात.

मग हिशोब मांडला, तो पेरणीआधीच मांडायला हवा होता. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे साधारण 20 किलो. 4 टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत 20 ग्रॅम. दहा क्विंटल गव्हाच्या नुसत्या दाण्यातच वीसेक किलो नत्र जातं. कण 20 ते 50 नॅनोमीटरचे असतात, पानाच्या छिद्रांतून आत शिरतात, वाया कमी जातं, असं कंपन्या सांगतात; ते सगळं मान्य धरू. पण 20 ग्रॅम सगळंच्या सगळं झाडाला लागलं तरी ते 20 ग्रॅमच. नवीन 20 टक्क्यांची बाटली घेतली तरी शंभरेक ग्रॅम. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रयोग केले, त्यात निम्मं नत्र कापून नॅनो फवारल्यावर गहू 21.6 टक्के आणि भात 13 टक्के घटला.

अजून एक. दोन किलो साधा युरिया शंभर लिटर पाण्यात विरघळवून फवारला, तर 920 ग्रॅम नत्र पानावर जातं, आणि युरिया लागतो बारा रुपयांचा. बाटलीला दोनशेच्या वर.

मग बाटली टाकाऊ आहे का? नाही. त्याआधीच्या खरिपात आठ दिवस झड लागली होती, मक्यात वाफसाच येईना, म्हणजे रानातला चिखलच सुकेना. अशा रानात युरिया फेकला की पाण्याबरोबर गेलाच समजा. तेव्हा उघडीप मिळताच फवारणीनं पीक तगवता येतं. गोणी खांद्यावरून बांधापर्यंत न्यावी लागत नाही, हेही आमच्या घरातल्या बायामाणसांसाठी लहान नाही.

म्हणून बाटलीला पाचपैकी अडीच. यंदा गव्हाला गोणीच देणार. उरलेली एक बाटली मक्यासाठी माळ्यावर सावलीत ठेवली आहे.